व्हाइट गोल्ड बँडचं एक पूर्ण गाणं

सत्काराशिवाय कोणतीही कला जिवंत राहत नाही, आणि सत्कार सुरू झाला की तिला जिवंत राहण्याची गरजही उरत नाही. अमरावतीच्या एका कॉलेजातल्या 'व्हाइट गोल्ड रॉक अँड रोल पार्टी'चा २००३ ते २००६ हा देदीप्यमान इतिहास पाहा. कापसाला कोणी विचारत नव्हतं अशा काळात बँडला कापसाचं नाव द्यायला छाती लागते. ती तिघांकडे होती: गिटारवर मोर्शीचा शुभम, गायला रागिणी आणि ड्रमवर ताहेर, म्हणजे तेल्हाऱ्याच्या गादीवाल्या गुलफामभाईंचा मुलगा.

ताहेरचं घोडं एका अटीवर अडलं होतं. अब्बांनी सांगून टाकलं होतं, "एक गाणं सुरू करून संपवून दाखव. नाही तं परीक्षा झाली का गुमान दुकानात बस." अट ऐकायला सोपी आहे. पण तीन वर्षांत बँडचे एकतीस कार्यक्रम झाले होते आणि संपलेली गाणी शून्य होती.

यात बँडचा काडीचा दोष नव्हता. त्या वर्षांत वऱ्हाडात कापसापेक्षा समित्या जास्त पिकल्या. शेतीचं संकट अभ्यासायला आलेली प्रत्येक समिती कॉलेजात थांबे आणि सांस्कृतिक विभागाचे देवीदाससर स्वागताला बँड उभा करत. (उपाशीपोटी आणि शांततेत संकटाचा अभ्यास होत नाही, असं सरांचं ठाम मत होतं.) गाणं रंगात आलं की एखादा पाहुणा हमखास उशिरा येई. मग गाणं थांबवा, शाल आणा, नारळ आणा. कॉलेजच्या नोंदीनुसार एकतीसपैकी एकोणीस गाणी सत्काराने थांबली, अकरा भारनियमनाने, आणि एक अध्यक्षांचा डोळा लागला म्हणून आदराने बंद करण्यात आलं. ताहेरचा हात पहिल्या कडव्यापर्यंत भलता तयार झाला होता. पुढे काय असतं ते त्याला कॅसेटवरून माहीत होतं.

शेवटच्या वर्षीच्या शेवटच्या कार्यक्रमाला त्याने अब्बांना बोलावलं. गुलफामभाई कडक इस्त्रीचा पांढरा कुर्ता घालून एसटीने आले आणि पोरगा नीट दिसावा म्हणून थेट पहिल्या रांगेत बसले. इथेच घात झाला. पहिल्या रांगेत बसेल तो पाहुणा, आणि पाहुण्याला नाव विचारणं म्हणजे त्याचा अपमान, हा कॉलेजचा जुना शिरस्ता. गाणं इतिहासात प्रथमच दुसऱ्या कडव्यात शिरलं, ताहेर आनंदाने वेडा व्हायचा बाकी होता, तेवढ्यात सरांनी हात वर केला. समितीचे अध्यक्ष आपल्यात येऊन बसले आहेत, असं त्यांनी जाहीर केलं.

गुलफामभाईंना चौघांनी मिळून मंचावर चढवलं. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, स्मृतिचिन्ह, पुन्हा एक शाल. (खरे अध्यक्ष अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून पाचव्या रांगेत स्वयंपाकाच्या वासाचा अभ्यास करत होते.) ताहेरने काठ्या खाली ठेवल्या. अब्बांची अट अब्बांच्याच सत्काराने मोडत होती.

मग त्यांना कापूस प्रश्नावर मार्गदर्शन करण्याची विनंती झाली. गुलफामभाईंनी माइक हातात घेतला.

"कापसाचं मले येवढंच समजते का, गादीत बी आता लोक फोम मांगून राहिले. बाकी मी पोराचं गाणं आयकाले आलो. ते पुरं होऊ द्या."

टाळ्यांचा कडकडाट झाला आणि सरांनी ही धोरणात्मक सूचना म्हणून टिपून घेतली. गाणं पहिल्यापासून सुरू झालं. त्याच क्षणी मांडवातून आवाज आला की पंगत बसते आहे. रोडगे, वांग्याची भाजी, वरण आणि गरम जिलबी. चारशे बारा माणसं एकदम उठली, सर्वांत पुढे समिती.

सभागृहात मंचावरचे तिघे उरले, आणि दोन शाली पांघरून बसलेले गुलफामभाई. दुसरं कडवं गेलं, तिसरं गेलं, शुभमची गिटार मधल्यामध्ये धिंगाणा घालून परत आली, आणि गाणं संपलं. ताहेरला इतका आनंद झाला की रडावं की हसावं कळेना, म्हणून त्याने झांजेवर आणखी एक टोला हाणला.

"झालं पुरं?" अब्बांनी विचारलं.

"झालं."

"मंग दुसरं वाजव. मी बसलो हाये."

आज त्या गाण्यावर आपण नाचलो होतो असं सांगणारी निदान पाच हजार माणसं अमरावती-अकोल्यात भेटतात. (सभागृहात खुर्च्या साडेचारशे.) वाचकहो, उद्या तुम्हीही सांगाल, काही हरकत नाही. पंगतीत काय होतं ते तर आता तुम्हाला पाठ आहे. पण गाणं कोणतं होतं, आणि समितीला त्या संकटाचं पुढे काय सापडलं, हे विचारायचं तुमच्याही मनात आलं नाही.