करकोच्याचे दोन प्रश्न

"खॅक्!"

बाळांनो, हा आवाज मी तुमच्याएवढा असताना ऐकला. अजून कानात आहे. कुणाचा होता, ते सांगतो.

एका जंगलात, पाणवठ्याजवळ, ऐनाचं उंच झाड होतं. झाडावर वानरं राहत आणि खाली चितळं चरत. वानरं अर्धवट खाल्लेला पाला खाली टाकत, तो चितळं खात. शेंड्यावर म्हातारे धोंडबा बसत. वाघ दिसला की ते ओरडत आणि चितळं पळत. पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललं होतं. त्याबद्दल कुणाला काय वाटतं, हे कुणी विचारलं नव्हतं.

मग करकोचा आला. देशोदेशीच्या जंगलांत उडत जाऊन तो मतं गोळा करी.

"आजोबा, दुसऱ्या जातीच्या प्राण्यांची काळजी घ्यावी, असं तुम्हाला वाटतं का?"

धोंडबांनी मांडी खाजवली. "या चितळांची? फुकट पाला खातात. 'म्हाताऱ्या, बरा आहेस का' म्हणून कधी विचारत नाहीत. मला कशाला वाटेल?"

करकोच्याने 'अजिबात नाही' अशी नोंद केली. मग त्याने धोंडबांच्या नातवाला, झेलूला, तेच विचारलं.

"म्हणजे काय! घ्यायलाच हवी. सगळे प्राणी आमचेच. मुंग्यासुद्धा."

"मुंग्यांचं विचारलेलं नाही."

"तरी लिहा."

करकोचा म्हणाला, "सगळ्या जंगलांत हेच दिसतं. म्हाताऱ्यांची मनं आखडलेली, तरुणांची मोठी."

वानरांना फार लाज वाटली. सून म्हणाली, "मामंजी, तुम्ही आता खालच्या फांदीवर बसा. जगात आपलं नाव खराब होतंय."

धोंडबा खाली उतरले. शेंडा झेलूला मिळाला.

एका दुपारी करकोचा दुसरा प्रश्न घेऊन आला. खाली ठिपकी नावाची चितळीण पाणी पीत होती. शेजारी तिचं पाडस होतं, म्हणजे मीच, नुकतंच उभं राहायला शिकलेलं.

"संकटात दुसऱ्याला सावध करणं तुला किती महत्त्वाचं वाटतं?" करकोच्याने झेलूला विचारलं. "दहापैकी सांग."

झेलू पाणवठ्याकडे पाठ करून नीट बसला. "दहा. नाही, थांबा. अकरा चालेल का?"

"चालणार नाही."

"मग दहा लिहा, पण ठळक."

वारा नव्हता, तरी पाणवठ्याकाठचं गवत हललं.

"खॅक्!"

आवाज खालच्या फांदीवरून आला. ठिपकी उधळली. पाडस पडलं, उठलं, तिच्यामागे धावलं. वाघाचा पंजा नुसत्या चिखलात पडला. तो उपाशीच परत गेला.

करकोचा धोंडबांजवळ येऊन बसला. "आजोबा, तुमचं पहिलं उत्तर बदलू का?"

"कशाला? माझं मत तेच आहे."

"मग ओरडलात का?"

"अरे, वाघ आला होता ना."

हे उत्तर कुठल्याच रकान्यात बसेना. करकोच्याने नोंद केली, 'प्रश्न समजला नाही.'

ऊन कलल्यावर ठिपकी पाडसाला घेऊन परत आली. धोंडबांनी कोवळा पाला तोडला, थोडा चावला, उरलेला खाली टाकला. तिने तो खाल्ला. मान वर करून एकदा बघितलं.

मग पाडसाला पुढे घालून निघून गेली.

तात्पर्य : मत विचारलं की नेहमी मोठ्या मनाचं द्यावं. ओरडायला खालच्या फांदीवर कुणीतरी असतंच. फक्त त्याला मत विचारू नये.