हेरंब साळिंदराची ॲनोडायझिंगची टाकी

अरे ऐक ना, ऐक! आधी तो मोबाइल उलटा ठेव आणि नीट मांडी घालून बस, लहान मुलासारखा. आत्ता काय झालंय माहितीये का? नाही, मध्ये बोलायचं नाही. गोष्ट आहे, गोष्टीसारखी ऐकायची.

एका जंगलात सगळ्यांना बंदुकांबद्दल सगळं माहीत होतं.

संध्याकाळी पाणवठ्यावर जमले की दुसरा विषयच नाही. नळी किती लांब हवी, दस्ता लाकडी बरा की फायबरचा, धक्का खांद्यावर घ्यायचा की छातीवर. वानर बोलायचं, चितळ बोलायचं. बगळा तर एका पायावर उभा राहून मत द्यायचा आणि मत बदललं की पाय बदलायचा.

याच जंगलात हेरंब साळिंदर राहायचा. सोबत बायको, कुमुद. उंबराच्या मुळाशी त्यांचं बीळ होतं. कोरडं, आणि मुख्य म्हणजे दोन दारांचं. बिबट्या पुढून आला की मागून निघायचं, मागून आला की पुढून. साळिंदराच्या आयुष्यात याहून मोठी श्रीमंती नसते बघ. त्यात कुमुदला दिवस गेलेले.

हेरंबच्या हातात मात्र एक कला होती. पर्यटकांनी टाकलेला ॲल्युमिनियमचा टॉर्च त्याला एकदा सापडला. त्याने काय केलं, एका बरणीत तेजाब, म्हणजे ॲसिड, घेतलं, टॉर्चचं नळकांडं त्यात बुडवलं, बॅटरीची वीज सोडली. वरती एक कडक थर चढला. त्या थरात काळा रंग मुरवला, मग उकळत्या पाण्यात ठेवून तो पक्का केला. काढलं बाहेर तर असं गुळगुळीत काळं, की नखाने ओरखडलं तरी नखच झिजेल. याला म्हणतात ॲनोडायझिंग.

"बंदुकीच्या भागांना असं करून दिलं तर?" हेरंब कुमुदला म्हणाला. "सगळं जंगल बंदुकीवर बोलतंय. आणि ही सर्व्हिस कुणीच देत नाही!"

"कुणीच देत नाही, म्हणजे कुणाला नको असेल," कुमुद म्हणाली.

"म्हणूनच तर आधी मागणीचा अंदाज घ्यायचा. उगाच उडी नाही मारायची. मी काय वेडा आहे?"

आणि तो अंदाज घ्यायला पाणवठ्यावर गेला.

आता इथे थांब. त्या पाणवठ्याचा एक रिवाज होता, तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. फार पूर्वी एका दुष्काळात कुणीतरी कुणाला तरी "जरा सरकतोस का?" म्हणून विचारलं. तो "नाही" म्हणाला. त्यावरून जी मारामारी झाली त्यात अर्धं जंगल गेलं. तेव्हापासून ठरलं की पाणवठ्यावर कुणी काहीही विचारलं तरी नाही म्हणायचं नाही. जो म्हणेल त्याला आणि त्याच्या घरच्यांना उन्हाळाभर पाणवठा बंद. अंमलबजावणीला स्वतः वाघीण. तिला सगळे अक्का म्हणत. आणि "तुला खाऊ का?" हा प्रश्न अक्का पाणवठ्यावर कधीच विचारत नसे. तेवढी सभ्यता होती तिच्याकडे.

हेरंबला रिवाज माहीत होता, माहीत कसा नसेल! पण त्याच्या मते तो भांडणं टाळायला होता. धंद्याचा त्याच्याशी काय संबंध?

त्याने काळं नळकांडं उंच धरलं. "मंडळी! बंदुकीचे ॲल्युमिनियमचे भाग असं करून देईन. छोटंसं वर्कशॉप, घरचं काम. कोण कोण करून घेईल?"

"मी!" रघोजी वानर फांदीवरून ओरडला. "हिरव्यात होईल का? गर्द नको, जरा मेंदीसारखा."

"मला तांबूस," मंदाताई चितळ म्हणाल्या. "आणि ठिपके राहू देशील ना रे?"

"चकचकीत की मॅट?" बगळ्याने विचारलं.

"मॅटच! चकचकीत काय, डोळ्यावर येतं," रघोजी म्हणाला.

"तुमच्या येत असेल."

वीस मिनिटं त्यावरच वाद. हेरंबचे काटे आनंदाने फुलले. शेजारचे दोन ससे उठून लांब बसले.

मग पलीकडच्या काठावरून आवाज आला. "मी नाही करणार."

सगळ्यांनी माना वळवल्या. बेडकांनीसुद्धा.

तो जगदेव अस्वल होता. त्याच्याकडे खरोखरची बंदूक होती. त्याच्या आजोबांना एका शिकाऱ्याने ती घाईघाईत दिली होती, म्हणजे शिकारी झाडावर चढला आणि बंदूक खाली राहिली.

"माझी बंदूक लोखंडाची आहे, हेरंबा," जगदेव म्हणाला. "लोखंडावर हे होत नाही. टाकीत टाकलीस तर तेजाब तिला खाऊन टाकेल. आणि मला सांग, इथे..."

"जगदेव," अक्का म्हणाली. आवाज मुळीच चढवला नाही तिने. "उन्हाळाभर."

जगदेव उठला आणि गेला. तीन टेकड्या ओलांडून एक डबकं होतं, तिकडे.

"निगेटिव्ह माणूस," रघोजी म्हणाला. अस्वलाला माणूस म्हणणं ही त्या जंगलातली सगळ्यात वाईट शिवी.

हेरंब घरी आला तो नाचतच. "त्रेचाळीस जण हो म्हणाले! फक्त एक नाही!"

"अहो, पण तिथे नाही म्हणता येतं का कुणाला?"

"अगं त्यांनी रंग विचारले! वरवरचं हो म्हणणारा कधी रंग विचारतो का?"

आता याला तुझ्याकडे उत्तर असतं का?

दुसऱ्या दिवशी हेरंब पांडबा तरसाकडे गेला. पांडबाचा भंगाराचा धंदा. त्याच्याकडे मोठी प्लॅस्टिकची टाकी होती, तेजाबाचे चार कॅन होते, बॅटऱ्या होत्या आणि एक सोलर पॅनल होतं. ते कुठून आलं हे विचारायचं नसतं.

"घेऊन जा की, हेरंबशेठ," पांडबा हसत म्हणाला. तरस म्हटल्यावर तो हसणारच, पण यावेळी जरा जास्तच. "बदल्यात तुझं बीळ दे. माझ्या गुहेला एकच दार आहे. पोटाला त्रास होतो त्याने."

"म्हणजे?"

"झोप लागत नाही. झोप नाही तर पचत नाही."

हेरंबने क्षणभर विचार केला. खरंच क्षणभर. मग त्याला तो मेंदीसारखा हिरवा आठवला आणि तो हो म्हणाला.

नदीजवळच्या खडकाआड टाकी मांडली. बाजूला कुमुदसाठी पालापाचोळ्याचा आडोसा केला. दार असं काही नव्हतंच, सगळीकडून दारच. पाटी लावली: "हेरंब ॲनोडायझिंग. बंदुकीचे भाग. तीन दिवसांत काम तयार."

पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. हेरंब म्हणाला, पहिलाच दिवस आहे.

पाचव्या दिवशी बिबट्या आला. पाटी वाचली, आडोशाकडे बघितलं, कुमुदने काटे उभे केले ते बघितलं, आणि गेला.

"गिऱ्हाईक होतं का?" हेरंबने टाकीमागून विचारलं.

"तुम्हाला काय वाटतं?" कुमुद म्हणाली.

दहाव्या दिवशी हेरंब स्वतःच निघाला. आधी रघोजीच्या झाडाखाली.

"अरे वा! चालू केलंस! बघितली पाटी. मस्त अक्षर आहे."

"मग भाग आणा ना, रघोजीराव. हिरवा रंग तयार ठेवलाय."

"कसला भाग?"

"बंदुकीचा."

"बंदूक कुठे आहे माझ्याकडे?"

हेरंबला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "मग मेंदीसारखा हिरवा...?"

"असती तर तोच घेतला असता! त्यात बदल नाही." रघोजीने गळ्याला हात लावला. "आईशप्पथ."

मंदाताई चितळ म्हणाल्या, "माझी घ्यायची आहे रे. ठरलंय आमचं. लायसन्सचं बघतोय. हे म्हणतात पावसाळ्यानंतर घेऊ."

"मंदाताई, तुम्हाला खूर आहेत. बंदुकीचा घोडा कसा ओढणार?"

"आधीच कसा रे तुम्ही लोक विचार करता असा!"

बगळ्याकडे तर बंदूक धरायला हातही नव्हते. त्याला फक्त चर्चेत रस होता, आणि हे त्याने मोकळेपणाने सांगितलं.

त्रेचाळीस दारं झाली. बंदूक एकाही घरात नव्हती.

मग हेरंब तीन टेकड्या चढला. जगदेव अस्वल डबक्याकाठी बसला होता. पाणी म्हणजे नुसता चिखल. एवढं मोठं अस्वल, पण अंगावरचं कातडं सदऱ्यासारखं लोंबत होतं.

"तुम्ही त्या दिवशी काहीतरी विचारत होतात," हेरंब म्हणाला. "इथे... म्हणालात आणि अक्का बोलली."

"इथे बंदूक आहे कुणाकडे, एवढंच विचारत होतो."

हेरंब खाली बसला. "घरी येऊन सांगायचंत ना."

"आलो होतो रे. दोन दिवसांनी सकाळीच. दारात पांडबा उभा. म्हणाला, इथे आता मी राहतो."

जगदेवने पंजाने चिखल बाजूला केला. खालचं जरा निवळ पाणी आलं, ते त्याने हेरंबला दिलं.

"पांडबाला बीळ परत माग," तो म्हणाला.

"मागितलं. त्याचं पोट आता बरं आहे म्हणे."

एव्हाना उन्हाळा भाजायला लागला होता. ओढे आटले, नदीही आटली. पाणी म्हणजे एक पाणवठा आणि एक जगदेवचं डबकं. कुमुदला आता नीट चालता येत नव्हतं. आडोशापासून पाणवठ्यापर्यंत जाता-जाता ती चार वेळा बसायची. बिबट्या आता रोज यायचा. पाटी वाचायचा नाही.

अशाच एका संध्याकाळी सुबोध मुंगूस पाणवठ्यावर उभा राहिला. नुकतंच लग्न झालेलं, तरतरीत, बोलायला चुरचुरीत. वारुळापलीकडे त्याचं नवंकोरं बीळ होतं, ऐसपैस, दोन दारांचं. साळिंदरही मावेल असं.

"मंडळी!" सुबोध म्हणाला. "हेरंबदादांचं कुठे चुकलं याचा मी अभ्यास केलाय. त्यांनी रंग मोजकेच ठेवले! मी जांभळ्यात करून देईन. बंदुकीचे भाग, ॲनोडायझिंग, जांभळ्यात. कोण कोण घेईल?"

"मी!" रघोजी ओरडला. "जांभळाच हवा होता मला मुळात!"

"फिका की गर्द?" मंदाताईंनी विचारलं.

"मॅट की चकचकीत?" बगळ्याने पाय बदलला.

सुबोधचे डोळे असे चमकत होते! हेरंबने ते बघितलं. सुबोध एकेकाचा होकार मोजत होता, बोटांवर. शेवटी त्याने हेरंबकडे वळून विचारलं, अगदी आदराने, "दादा, तुम्ही यातले जाणकार. माझा धंदा चालेल ना? तुमचा हो महत्त्वाचा."

सगळं जंगल हेरंबकडे बघायला लागलं. अक्काने पाण्यातून तोंड वर काढलं. मिशांवरून थेंब गळत होते.

हेरंबच्या जिभेवर "नाही" आलं होतं. अगदी टोकावर. त्याने शेजारी बघितलं. कुमुद पाणी पीत होती, डोळे मिटून, घोटाघोटाने. तीन टेकड्या तिला चढता आल्या नसत्या. एकसुद्धा नाही.

"हो," हेरंब म्हणाला.

इथेच थांबला असता तरी चाललं असतं. रिवाज तेवढाच होता. पण हेरंबला त्याचं स्वतःचंच बोलणं पुढे ऐकू येत गेलं. "आणि टाकी नवी कशाला शोधतोस? माझी आहे की. तेजाब, बॅटऱ्या, पॅनल, सगळं तयार. फारशी वापरलेलीच नाही. तुझं बीळ दे आणि घेऊन जा. देशील ना?"

पाणवठ्यावरच विचारलं होतं ना.

"हो!" सुबोध म्हणाला. आणि त्याने आनंदाने म्हटलं, बरं का. रिवाज म्हणून नाही.

तीन दिवसांनी वारुळापलीकडच्या बिळात कुमुदला पिल्लू झालं. पिल्लाचे काटे अजून मऊ होते. कुमुदने आधी पुढचं दार बघितलं, मग मागचं दार बघितलं. मग म्हणाली, "सुबोधची बायको परवा पाणवठ्यावर भेटली. तिलाही दिवस गेलेत."

हेरंब मागच्या दारातली माती सारखी करायला लागला. ती वाट बघत होती. माती सारखी झाली तरी तो ती सारखीच करत राहिला.

तात्पर्य: धंदा सुरू करण्यापूर्वी मागणीचा अंदाज नीट घ्यावा. त्या जंगलात ॲनोडायझिंगला मागणी अजिबात नव्हती, टाकीला मात्र कायम असते. आणि खरं बोलणाऱ्याची कदर होतेच, त्याला आख्खं डबकं एकट्याला मिळतं. आता हसू नको, नीट विचार करून सांग मला. सगळं जंगल बघतंय, अक्काच्या मिशांवरून पाणी गळतंय, बाजूला कुमुद पाणी पितेय आणि तो सुबोध बोटं पुढे करून उभा आहे. तू काय म्हणाला असतास?