सायाळीच्या पोरीचा जाहीर सत्कार

एका जंगलात, बाळांनो, नदीच्या वळणावर एक मौजवन होते. आधी तिथे नुसतेच वन होते आणि सगळ्यांची फुकटात मौज चालायची. मग वनाला कुंपण घातले, दारावर तिकीटखिडकी बसवली आणि त्याचे मौजवन झाले. याला विकास म्हणतात. मोठे झालात की कळेल. नाही कळले तर आणखी मोठे व्हाल, थेट व्यासपीठावर जाऊन बसाल.

मौजवनात घसरगुंड्या होत्या. एक नकली धबधबा होता. खरा धबधबा शेजारीच होता, पण त्याला तिकीट नव्हते, म्हणून तिकडे कुणी फिरकत नसे. आणि मधोमध होता एक भलामोठा गोल पाळणा. सागाच्या शेंड्यापेक्षा उंच. त्यात बसून वर गेले की सगळे जंगल दिसते म्हणत.

याच जंगलात साळूबाई नावाची एक सायाळ राहत होती. तिला एक मुलगी होती, टोची. सायाळी बिळात राहतात. त्यामुळे टोचीने आजवर जे काही पाहिले होते ते आपल्या नाकाच्या उंचीवरून. मुळे, बुंधे आणि दुसऱ्यांचे पाय. हत्ती म्हणजे चार खांब, अशी तिची प्रामाणिक समजूत होती. बिळाच्या तोंडाशी बसून ती नदीकडे बघायची. नदी यायची आणि वळणाआड जायची.

"आई, नदी पुढे कुठं जाते गं?"

"मला तरी कुठं माहीत, बाळा," साळूबाई म्हणायची. "पाळण्यात बसलं की दिसेल. सुट्टी लागली की जाऊ."

सुट्टी लागली आणि टोची खड्ड्यात पडली. खड्डा कोणाचा? मौजवनाच्या स्वागत-कमानीचा. खड्डा खणणाऱ्यांनी तो खणला आणि उघडा टाकून ते जेवायला गेले. खुणेला एक फांदीसुद्धा खोचली नाही. फांदी खोचण्याचे काम दुसऱ्या खात्याकडे होते.

टोचीचा मागचा पाय मोडला. करकोचेवैद्यांनी बांबूच्या कामट्या बांधल्या. सुतारपक्ष्याने लाकडाच्या चकत्या लावून चाकांची खुर्ची करून दिली. त्याने या कामाचा फोटो काढून घेतला नाही, म्हणून जंगलात त्याला कुणी समाजसेवक म्हणत नाही.

पाय काही लवकर बरा होईना. तेवढ्यात कळले की उद्यापासून पावसाळ्यासाठी पाळणा बंद. मोठ्यांचे चार महिने गप्पा मारण्यात जातात. लहानांचे जाता जात नाहीत. साळूबाईने टोचीला खुर्चीत बसवले, अंगावर पंचा टाकला आणि म्हणाली, "चल. आज तुला नदी दाखवतेच."

पाळण्याकडे जायला उंच पायऱ्या होत्या. साळूबाईने खुर्ची थांबवली. पण पायऱ्यांच्या शेजारीच एक छान, गुळगुळीत, फरसबंद रॅम्प होता. आणि बोर्डावर चाकांच्या खुर्चीचे चित्रही होते.

"देव भलं करो यांचं," साळूबाई म्हणाली आणि तिने खुर्ची रॅम्पवर घातली.

"थांबा! थांबा! फीत! फीत!"

मौजवनाचे व्यवस्थापक कोल्हेसाहेब धावत आले. रॅम्पच्या वरच्या टोकाला एक लाल फीत बांधलेली होती.

"अहो साहेब, हा रॅम्प चाकाच्या खुर्चीसाठीच ना?"

"अर्थात! खास तुमच्यासारख्यांसाठीच! महाराजांचं स्वप्न आहे ते."

"मग जाऊ द्या की."

"ताई, उद्घाटन नाही झालेलं अजून. तुम्ही आधीच वापरलात तर पाहुण्यांनी उद्घाटन कशाचं करायचं?"

बाळांनो, या प्रश्नाला उत्तर नाही. भल्याभल्यांना सापडलेले नाही. रॅम्प होळीपासून तयार होता, पण पाहुण्यांची तारीख मिळत नव्हती. मधल्या काळात कोल्हीणबाईंनी त्यावर पापड वाळत घातले. पापडांना उद्घाटन लागत नाही.

रांगेत मागे एक गवा उभा होता. चांगला धिप्पाड. तो पुढे आला. "वहिनी, सरका बाजूला. मी उचलतो पोरीला खुर्चीसकट. पायऱ्यांनी नेतो. बघता बघता वर."

"छे छे छे!" कोल्हेसाहेब आडवे आले. "रॅम्प असताना उचलून नेणं म्हणजे रॅम्पचा अपमान. पूर्वी सोय नव्हती तेव्हा उचलत होते. आता सोय झालेली आहे."

"सोय झाली म्हणून पोरीनं खाली बसायचं होय?"

"धोरण आहे," कोल्हेसाहेब म्हणाले. जंगलात धोरण म्हटले की गवेसुद्धा गप्प बसतात. कुंपण तोडतील, पण धोरणापुढे उभे राहणार नाहीत.

तेवढ्यात कोल्हेसाहेबांची नजर टोचीच्या बांधलेल्या पायावर गेली. दारात पाहुणे उभे असावेत आणि डब्यात आयता चिवडा सापडावा, तसा त्यांचा चेहरा खुलला.

"अहो ताई, नशीब काढलंत! उद्घाटन आजच आहे. महाराजांचे मेहुणे स्वतः येतायत. आणि आम्हाला लाभार्थीच सापडत नव्हता! आता पहिली लाभार्थी तुमची मुलगी. तिचा सत्कार करू."

"सत्कार नको साहेब. एक फेरी मिळाली तरी पुष्कळ आहे."

"फेरी काय, मिळेलच! आधी सत्कार, मग फेरी."

टोचीने आईचा पदर ओढला. "आई, पाळणा कधी?"

"आता होईल हं, राणी."

सत्काराची बातमी पसरली. शाल मिळणार म्हटल्यावर एक ससा लंगडत आला. "माझंही नख तुटलंय," म्हणाला. मागून एक भेकर आले, त्याला लहानपणी काटा टोचला होता. कोल्हेसाहेबांनी सगळ्यांना हाकलले. पाय मोडलेला हवा होता आणि कामट्या फोटोत दिसायला हव्या होत्या.

मग मांडव पडला. कुठे पडला? रॅम्पवर. तेवढी एकच स्वच्छ जागा होती. रॅम्प उतरता, त्यामुळे पाहुण्यांच्या खुर्च्या घसरू लागल्या. त्यांच्या पायांखाली विटा लावल्या. लाभार्थ्यांसाठी बांधलेल्या रॅम्पवर आता सगळे होते. फक्त लाभार्थी मांडवाबाहेर उन्हात होता.

पाळणा चालूच होता. पायऱ्या चढू शकणारे चढत होते आणि गोल फिरत होते. एक हरीण वर पोहोचले आणि ओरडले, "अरे ती बघा नदी! केवढी लांब गेलीय!"

"कुठं गेलीय?" टोची खालून ओरडली. पण तोवर हरीण पलीकडच्या बाजूने खाली निघाले होते.

मेहुणे आले तेव्हा उन्हं कलली होती. महाराज सिंह आणि मेहुणे लांडगे. हे नाते कसे, असे विचारू नये. मेहुणे कसेही असतात. लांडगेसाहेबांना उशीर झाला होता, कारण वाटेत त्यांच्या हस्ते आणखी एका खड्ड्याचे भूमिपूजन होते.

सूत्रसंचालन पोपटाकडे होते. पोपटाला कविता पाठ होत्या आणि तो त्या कुणालाही लावत असे. त्याने एक कविता पाहुण्यांना लावली, एक समईला, एक विझलेल्या समईला. मग म्हणाला, "आता जिच्यासाठी हा सोहळा, ती छोटी वीरांगना! तिला व्यासपीठावर आणावं."

आणावे, पण कसे? व्यासपीठ उंच होते. कोल्हेसाहेबांनी इकडेतिकडे बघितले आणि गव्याला हाक मारली. "ओ भाऊ, जरा उचला हो हिला."

"मघाशी उचलायचं नव्हतं ना?" गवा म्हणाला.

"मघाशी पाळणा होता. हे व्यासपीठ आहे."

गव्याने टोचीला उचलून वर ठेवले. खुर्चीसकट, हलक्या हाताने. तिला उचलायला केवढा वेळ लागला? पोपटाची अर्धी ओळ झाली नाही तेवढा.

मग सत्कार झाला. शाल टोचीच्या काट्यांत अडकली, ती कुणी सोडवली नाही. नारळ तिच्या मांडीवर ठेवला, तो नेमका मोडक्या पायावर. टोची कळवळली.

"हसा, हसा," फोटोवाली टिटवी म्हणाली. टोची हसली. पण मेहुण्यांचे डोळे मिटले होते, म्हणून नारळ उचलून पुन्हा ठेवला.

मेहुणे बोलायला उभे राहिले. "या चिमुरडीकडं बघा. खड्ड्यात पडली, पण खचली नाही. खड्डे कुणाच्या आयुष्यात नसतात? माझ्याही आयुष्यात आले. खड्ड्याला दोष देऊ नका. खड्डा आपल्याला घडवतो!"

"खड्डा तुमच्या कमानीचा होता!" गवा मागून गरजला.

"प्रेक्षकांतून उत्स्फूर्त दाद!" पोपट म्हणाला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

शेवटी माइक टोचीच्या तोंडाशी धरला. "बोल बाळ, दोन शब्द बोल."

टोची म्हणाली, "मला पाळण्यात बसायचंय. नदी कुठं जाते ते बघायचंय."

मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की झाडांवरचे पक्षी उडाले. मेहुण्यांनी डोळे पुसले. "काय ही उमेद! काय ही झेप! अशी मुलं आहेत म्हणून हे जंगल आहे!"

साळूबाई खालून ओरडली, "अहो, ती उमेदबिमेद नाही हो! तिला आत्ता बसायचंय. खरंच बसायचंय. सूर्य मावळायला आलाय!"

"बसणार, बसणार. एक दिवस नक्की बसणार," मेहुणे प्रेमाने म्हणाले.

"एक दिवस नको. आज!"

"ताई, आभारप्रदर्शन बाकी आहे," कोल्हेसाहेब कुजबुजले. "आभाराआधी उठलेलं बरं दिसत नाही."

आभार सुरू झाले. मांडववाल्या सुगरणींचे, माइकवाल्या बेडकांचे, हार पुरवणाऱ्या फुलपाखरांचे, उपस्थित राहिलेल्यांचे, आणि उपस्थित राहू न शकलेल्यांचे तर फारच. खड्डा खणणाऱ्यांचेसुद्धा आभार मानले. तिकडे सूर्य सागाच्या शेंड्यांना टेकला.

एकदाची फीत कापली. टोचीने खुर्चीचे चाक स्वतःच पुढे ढकलले.

"जरा थांब हं बाळ," कोल्हेसाहेबांनी खुर्ची धरली. "पहिली फेरी मान्यवरांची."

रॅम्पवरून मेहुणे गेले. मेहुण्यांच्या मागे त्यांची बायको, बायकोच्या मागे तिच्या जावा, जावांच्या मागे पोपट, टिटवी आणि कोल्हीणबाई. पाळणा गच्च भरला आणि वर गेला. सगळ्यांत वर पोहोचल्यावर मेहुण्यांनी खाली टोचीला हात केला. नदीकडे त्यांची पाठ होती.

पाळणा खाली आला आणि सूर्य मावळला. पाळणेवाल्या माकडाने दोर बांधून टाकला. सूर्यास्तानंतर पाळणा बंद. नियम म्हणजे नियम. पाहुण्यांसाठी तो मोडला असता, पण पाहुणे तर बसून झाले होते.

टोची रडली नाही. मांडीवरचा नारळ धरून नुसती वर बघत राहिली. साळूबाईला मात्र इतका संताप आला की तिच्या अंगावरचा काटा न् काटा ताठ उभा राहिला. बाळांनो, सायाळीचे काटे उभे राहिले की वाघसुद्धा दोन पावले मागे सरतो.

"वा!" कोल्हेसाहेब म्हणाले. "आईचा एक फोटो अस्साच होऊ द्या."

दुसऱ्या दिवशी साळूबाई टोचीला घेऊन वैद्यांकडे निघाली. वाट मौजवनावरून जात होती. दार बंद होते. पाळणा उभा होता, आणि त्याच्या सगळ्यांत वरच्या झोक्याला एक भलामोठा फ्लेक्स बांधला होता. फ्लेक्सवर टोची होती. शाल, नारळ, हसरा चेहरा. शेजारी दुप्पट आकाराचे मेहुणे, डोळे उघडे. खाली लिहिले होते: 'आमच्या मौजवनात प्रत्येकजण उंच जातो.'

टोचीने मान उंच करून बघितले. बराच वेळ बघितले.

"आई, ती वरची टोची किती वर बसलीय गं. तिला दिसत असेल ना, नदी कुठं जाते ते?"

साळूबाईने फ्लेक्सकडे पाहिले. मग खुर्चीचे चाक सरळ केले.

"नाही बाळा," ती म्हणाली. "तिचं तोंड त्यांनी तिकीटखिडकीकडं केलंय."

तात्पर्य: दुबळ्यांना उचलून घ्यावे, असे तुमच्या पुस्तकात छापले असेल. ते खोडून टाका. दुबळ्यांना उंच टांगावे. उचलायला खांदा लागतो, टांगायला सुतळी पुरते.