गजाननरावांचं ग्रीक गुपित

माणसाच्या अंगात असा एकही अवयव नव्हता, ज्याच्या नावाचं मूळ गाव गजाननरावांना ठाऊक नव्हतं! "आपण माकडहाड म्हणतो. ग्रीकांना त्यात कोकिळेची चोच दिसली, म्हणून कॉक्सिक्स!" जालन्याच्या एका नर्सिंग कॉलेजात ते शरीररचना शिकवायचे, आणि उद्याचा तास आदल्या दिवशी बदनापूरच्या घरी बायकोपुढे म्हणून बघायचे. शरयूताई मेथी निवडता निवडता "हं" म्हणायच्या. निवृत्तीनंतरही ही सवय सुटली नव्हती.

मग शरयूताईंचे रिपोर्ट आले. यकृताचा कॅन्सर, तोही पसरलेला. गजाननराव दवाखान्याच्या जिन्यातच बसले.

पेशंटला सांगायचं नाही, हा आपल्याकडे घरोघरचा कायदा. पण दोन खोल्यांच्या घरात बोलायचं कुठं? त्यांनी लेकीला, कल्याणीला, गच्चीवर नेलं.

"आईपुढं कॅन्सर, लिव्हर बिलकुल म्हणायचं न्हाई. मूळ ग्रीक बोलायचं! हेपार. कार्किनोस. गाठीला ऑन्कोस."

"बाबा, आईला कळलं तर?"

"ग्रीक? तिला?" गजाननराव हसायला गेले आणि त्यांना हुंदकाच आला.

सुरुवातीला ग्रीक बरं चाललं. मग टेंभुर्णीहून त्यांचे शाळासोबती कारभारी सीताफळं घेऊन भेटायला आले. गजाननरावांनी फाटकातच त्यांच्याकडून शब्द पाठ करून घेतले. कारभारींनी ते चपला काढताना घोकले, पाय धुताना घोकले, आणि खुर्चीत बसल्या बसल्या खड्या आवाजात विचारलं,

"वहिनी, तुमच्या हेपारातला कार्किनोस कसा हाय आता?"

कल्याणीच्या हातातला चहा बशीत सांडला.

"तिच्यापुढं न्हाई रे!" गजाननराव ओरडले.

"मंग कुणापुढं? मी कवाचा घोकून राह्यलो!"

"अगं, कार्किनोस म्हणजे आमचे जुने प्राचार्य!" गजाननरावांनी घाईघाईनं सारवासारव केली. "केरळचे! हेपार कॉलनीत राहतात. तब्येत बरी नसते त्यांची."

"अन् ऑन्कोस?" कारभारींनी भाबडेपणानं विचारलं. तोही पाठ केला होता ना!

"ते... ते त्यांचं आडनाव!"

"ऑन्कोस म्हणजे मुळात ओझं," शरयूताई शांतपणे म्हणाल्या.

त्यांनी नवऱ्याकडे बघितलं.

"हेपार यकृत. कार्किनोस खेकडा. मेथी निवडताना तुम्हीच शिकवलं ना? अन् तुमचं गच्चीवरचं कुजबुजणं अख्ख्या गल्लीला ऐकू येतं."

"मंग बोलली का न्हाईस?" गजाननरावांचा आवाज चिरकला.

"लेकीला शब्द शिकवताना तेवढा आवाज खुलायचा तुमचा. मोडवेना मला." त्यांनी नवऱ्याचा हात हातात घेतला. "पण हे ओझं एकट्यानं कशाला उचलून राह्यले तुम्ही?"

गजाननराव लहान मुलासारखे रडायला लागले, डोळ्यांनी आणि नाकानंही. कारभारी सीताफळांच्या पिशवीची गाठ उगाचच सोडत बसले. शरयूताईंनी पदर पुढं केला.

"पुसा आधी. अन् नाक वाहतं, त्याला काय म्हणतात, सर?"

गजाननरावांना आठवेना! साधा सर्दीतला शब्द, पण जन्मात पहिल्यांदाच त्यांना काही म्हणता काही आठवेना.

"ऱ्हायनोरिया," शरयूताई म्हणाल्या. "ऱ्हिस म्हणजे नाक."

"हं," गजाननराव म्हणाले.