परीचा मुक्काम

बरीच वर्षं माझ्या मिशीवर माझा हक्क नव्हता. ती आमचे शेजारी सुधाकरभाऊ यांच्या सिनेमाची होती. एका उन्हाळ्यात न्हाव्याच्या खुर्चीत बसून मी ती उडवायला सांगितली, तर हा माणूस समोरच्या पानठेल्यावरून धावत आला आणि त्याने न्हाव्याचा हातच धरला. "मिशी काढली तं राक्षस कोन होईन? कंटिन्युटी नावाची गोष्ट हाये का नाई?" न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला. आमच्या वर्ध्याजवळच्या सेलूत सुधाकरभाऊंशी कोणी वाद घालत नाही.

सुधाकरभाऊ लग्नाचे शूटिंगवाले. नवरा-नवरीला ढगांत नाहीतर गुलाबाच्या पाकळीत बसवून देण्यात त्यांचा हातखंडा. त्या हौसेतूनच सिनेमा निघाला. एक परी चुकून सेलूच्या बसस्टँडवर उतरते, माणसांत फिरते, राक्षसाला पळवून लावते आणि शेवटी केळझरच्या टेकडीवरून आपल्या देशी परत जाते. राक्षस मी. परी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी चिमी. चिमी आता नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं मला जरा हसत सांगता येईल.

पंख मंडपाच्या जाळीचे होते. परीला उडवायला लग्नात कॅमेऱ्यासाठी लावतात ती क्रेन. ती मोकळी सापडायची लग्नसराई उलटल्यावरच, त्यामुळे वर्षाला जेमतेम एखादा सीन व्हायचा. बसस्टँडवर उतरते तेव्हा परी दुसरीत आहे, बाहेर रस्त्यावर येईपर्यंत ती चौथीत गेलेली. समोसेवाल्याने तोच चौकड्याचा शर्ट जपून ठेवलेला, माझी मिशी जागच्या जागी, आणि परी मात्र दर सीनला वीतभर उंच. मी हे दाखवून दिलं, तर भाऊ म्हणाले, परीले कंटिन्युटी लागत नसते.

शेवटचा सीन काही केल्या होईना. कधी ढग मनासारखे नसत, कधी ऊन. मग नवंच निघालं. परीने वर्ध्याचं जंक्शन पाहिलंच नाही. ते दाखवून झालं, तर कापसाचा बाजार राहिला. तिथे कापसाच्या ढिगावर बसून परी शिंकत सुटली आणि अख्खा बाजार हसला. "अजून पाहाचं राह्यलं," हे भाऊंचं पालुपदच झालं. आम्ही म्हणायचो, ही परी आता आधार कार्ड काढून इथेच राहते की काय.

आमचं हसणं थांबलं ते चिमीकडे बघून. तिला सिकलसेल होता. आमच्या भागात हा रक्ताचा आजार बऱ्याच घरांत आहे. सांधे असे दुखतात की पोरांना कूस बदलवत नाही. वर्ध्याला नेऊन रक्त चढवलं की थोडे दिवस बरे जायचे, मग पुन्हा तेच. चिमीची उंची वाढायची थांबली. पंखांचे पट्टे सैल व्हायला लागले आणि तिची आई ते टाके घालून आवळून द्यायची. डॉक्टरांनी काय ते सांगून टाकलं होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. परी परत गेली नाही तर चिमीही जाणार नाही, एवढंच या माणसाने मनाशी धरलं होतं. मला त्याचा राग आला आणि कीवही.

चिमीला सगळं कळत होतं. एका सकाळी तिने मला घरी बोलावलं. "काका, तुम्ही सांगा बाबाले. मले पुरा सिनेमा पाहाचा हाये."

मी सांगितलं. भाऊ कितीतरी वेळ लेन्स पुसत बसले. मग मान वर न करता म्हणाले, "उद्या टेकडीवर येजो."

क्रेनवर लटकण्याएवढं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. म्हणून परीने टेकडीच्या चढावर चालत जायचं, वळायचं आणि हात हलवायचा, इतकंच ठरलं. मी तिच्यावर ऊन पाडायचा रिफ्लेक्टर धरून उभा. चिमी थांबत थांबत वर गेली, वळली, हसली, हात हलवू लागली. सीन झाला होता. सुधाकरभाऊ मात्र डोळा कॅमेऱ्याला लावून तसेच. एक हात दुखला तसा चिमीने दुसरा हलवायला घेतला.

"बाबा, कट म्हना ना," ती वरून म्हणाली. "पाय दुखून राह्यले."

ते म्हणेनात. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तरी डोळा कॅमेऱ्यावरून हटेना.

शेवटी चिमीच दगड धरत धरत खाली आली. पंख उतरवून तिने माझ्या हातात दिले. कॅमेऱ्याचं बटण तिला माहीत होतं. ते दाबून तिने बापाचं तोंड ओढणीने पुसलं.

"गेली परी," ती म्हणाली. "चाला, आता घरी जाऊ."