आज कोणी घाबरलं का?

देवतारे भाऊंनी आमच्या दाराची बेल आजवर एकदाही वाजवलेली नाही. ते फाटकाशी उभे राहतात आणि छत्रीच्या लाकडी दांड्याने कडी ठोकतात. फाटक लोखंडी आहे, वरून आमच्या घराची तार गेली आहे, म्हणून हात लावायचा नाही, लाकूड चालतं. हा माणूस बालाघाटच्या वीज खात्यात तेहतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाला, असं मी नव्या पाहुण्याला सांगतो तेव्हा त्याला ती माझी थट्टा वाटते.

भाऊ खांबावर चढणाऱ्यांतले नव्हते. ते कचेरीत बसत आणि अपघातांचे अहवाल लिहीत. लांजीपासून परसवाड्यापर्यंत कुठेही कोणाला करंट लागला की कागद त्यांच्या टेबलावर. ओल्या हाताने कूलर सुरू करणारा, तारेवर लुगडं वाळत घालणारी, शेतातला मोटारपंप लाथेने ढकलून पाहणारा, सगळे त्यांच्या टपोऱ्या अक्षरात उतरले. माणूस तेहतीस वर्षं हेच लिहीत बसला की त्याचं व्हायचं तेच होतं. तुम्ही-आम्ही भिंतीवर बटण पाहतो, भाऊंना तिथे अहवालाची पहिली ओळ दिसते.

"सर, तुमच्या मीटरपाशी वास येऊन राह्यला," हे त्यांचं आमच्या घरातलं पहिलं वाक्य. वास हिंगाचा होता. तसं बायकोने सांगितलं, तर म्हणाले, "असंल. पण होऊ शकते ना." हे 'होऊ शकते ना' त्यांच्या तोंडून दिवसातून पंचवीस वेळा निघतं. त्याला उत्तर नसतं, कारण होऊ तर काहीही शकतं.

निवृत्तीनंतर त्यांनी एक डिजिटल कॅमेरा घेतला. हौस म्हणून नव्हे, तक्रारअर्जाला पुरावा जोडायला. वाकलेले खांब, उघडे डबे, गटारावरची मोडकी फरशी. त्याच सुमारास गावात ब्रॉडबँड आलं होतं आणि हिंदी पेपरात एक बातमी छापून आली: घरबसल्या फोटो विका. परदेशातल्या कंपन्यांच्या साइटवर आपले फोटो चढवायचे, जगात ज्याला लागेल तो विकत घेतो, एकच फोटो पुन्हा पुन्हा विकला जातो. भाऊ कात्रण घेऊन माझ्याकडे आले. मी कॉलेजात इंग्रजी शिकवतो आणि माझ्या घरी कॉम्प्युटर होता, एवढ्या दोन गुन्ह्यांवर मी त्यांचा भागीदार झालो.

गावातल्या आणखी चार-पाच जणांनी तोच उद्योग आरंभला होता. त्यांनी कान्हाचे वाघ पाठवले, वैनगंगेवरचा सूर्यास्त पाठवला. वाघ त्या साइटवर आधीच इतके होते की आपला वाघ शोधायला आणखी एक वाघ सोडावा लागला असता. भाऊ जंगलात जाणं शक्यच नव्हतं. त्यांनी आपल्या तक्रारअर्जातले दहा फोटो दिले. नऊ परत आले, एक घेतला गेला: काळा पडलेला, अर्धा वितळलेला थ्री-पिन प्लग, खाली पांढरा कागद. आठवड्याभरात तो चार वेळा विकला गेला.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सुंदर गोष्टींचे फोटो सगळेच काढतात. धोक्याचे फोटो काढायला कोणाला सुचत नाही, आणि ते लागतात मात्र सगळ्यांना: कारखान्यातल्या सूचनांना, विमा विकणाऱ्यांना, शाळेतल्या पुस्तकांना. तेहतीस वर्षं ज्या भीतीपायी सगळ्या कचेरीने भाऊंची टर उडवली, तिला जगात गिऱ्हाईक होतं.

तेव्हापासून रोज सकाळी सातला कडी वाजू लागली. "सर, आज कोणी घाबरलं का?" म्हणजे काही विकलं गेलं का. त्यांचा हिशोब सरळ होता. तिकडे कोणीतरी घाबरतं, म्हणून त्याला इकडचा फोटो लागतो.

विक्रीचं काही खरं नसे. ऑक्टोबरात रोज दोन-तीन, डिसेंबरात शून्य, मार्चात एकदम झुंबड, उन्हाळ्यात पुन्हा कोरडं. दुसरा कोणी मंदीत खचला असता आणि तेजीत पेढे वाटले असते. भाऊ दोन्हीकडून घाबरायचे. सलग आठ दिवस शून्य आलं की चेहरा उतरायचा. "सगळे निर्धास्त होऊन राह्यले, सर. हे बरं नाही." आणि एका दिवसात नऊ विकले गेले तेव्हा ते खुर्चीच्या कडेवर बसून हळूच म्हणाले, "काहून? तिकडं काही झालं काय?" संध्याकाळपर्यंत रेडिओला कान लावून बसले होते. बॅटरीवरच्या.

माल मिळवायला ते सायकलीवरून हिंडत. लालबर्रा रोडवरच्या एका राइस मिलमध्ये पट्ट्यावर जाळी नव्हती. भाऊंनी तिचा फोटो काढला. मालकाला वाटलं साहेब तपासणीला आले. त्याने चहा पाजला, समोसा खाऊ घातला आणि दुसऱ्या दिवशी जाळी बसवली. भाऊ आणखी फोटो काढायला गेले तर विषयच संपलेला. असं चार ठिकाणी झालं. आमच्या स्वयंपाकघरातली गॅसची नळीही त्यांनी अमेरिकेला पोचवली. ती चांगली विकली जाते हे ऐकून माझ्या बायकोने महिनाभर त्यांना चहा दिला नाही. नळी मात्र बदलली.

या सगळ्यांत एक फोटो वेगळा होता. सर्वांत जास्त तोच चालायचा. भाऊंची मुलगी वैशाली मिक्सरचा प्लग ओढते आहे, तोही वायरला धरून, आणि मान वळवून कॅमेऱ्याकडे पाहून हसते आहे. भाऊंची बायको मुलगी शाळेत असतानाच गेली. त्यानंतर या माणसाने एकट्याने, दर रात्री मेन स्विच बंद करत, तिला वाढवलं. सहलीला पाठवलं नाही, सायकल शिकू दिली नाही, नदीवर तर सोडाच. तरी ती कशी कोण जाणे हसरी निघाली. फोटो दिवाळीतला. "बाबा, पाहा, काही होत नाही," म्हणत तिने मुद्दाम वायर ओढली होती, आणि त्यांनी आधी मेन बंद करून मग फोटो काढला होता. मी एकदा विचारलं, हाच का विकला जातो? भाऊ म्हणाले, "तिले भेव नाही वाटून राह्यलं, म्हणून. तिचं पाहून दुसऱ्याले भेव वाटते."

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात वैशालीने गोंदियाला कोर्टात लग्न केलं. ती शिकवायची त्याच शाळेतला शिक्षक, जातीबाहेरचा. भाऊ रागावले नाहीत. राग यायलाही थोडं धाडस लागतं. ते नातेवाइकांना भ्याले, समाजाला भ्याले, आणि लग्नाच्या दिवशी दाराला आतून कडी घालून बसले. तिचा फोन आला तेव्हा उचलला नाही. मग फोन येणं बंद झालं. गोंदिया बसने दीड तास. तीन वर्षं ते गेले नाहीत, आणि तिचं नाव आमच्यासमोर फक्त त्या फोटोच्या निमित्ताने निघे: "वैशालीवाला गेला का?"

आणि एके दिवशी ते पत्र आलं. साइटवाल्यांचा ईमेल. मी वाचून दाखवला, कारण लपवण्यासारखं त्यात काही आहे हे मला वाचून होईपर्यंत कळलं नाही.

फोटोत माणूस दिसत असेल तर त्या माणसाचं संमतिपत्र जोडावं लागतं. वैशालीचं आम्ही जोडलेलं होतं. पण त्यावर सही भाऊंची होती. फॉर्ममध्ये 'आईवडील किंवा पालक' असा एक रकाना होता आणि मीच बोट ठेवून सांगितलं होतं, "इथे करा." तो रकाना अज्ञान, म्हणजे अठराच्या आतल्या मुलांसाठी होता. वैशाली तेव्हा तेवीस वर्षांची होती; जन्मतारीख मीच वर लिहिली होती. मुलीच्या कागदावर बापाची सही, यात काही चुकतं आहे असं दोघांनाही वाटलं नव्हतं. मला दोन मुली आहेत, त्यांच्या कुठल्या कागदावर मी सही केलेली नाही? आता साइटवाले म्हणत होते: ही व्यक्ती सज्ञान आहे, तिची स्वतःची सही तीस दिवसांत पाठवा, नाहीतर फोटो निघेल आणि तुमच्या खात्याचाही विचार करावा लागेल.

भाऊंचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे मी खोटी सही केली?"

"खोटी नाही हो. चुकीच्या जागी."

"केस करू शकतात?"

"एवढ्यासाठी कोणी अमेरिकेहून बालाघाटला येत नाही."

"होऊ शकते ना," ते म्हणाले.

मी उपाय सुचवले. फोटो काढून टाकू. नाहीतर चेहरा कापू, नुसता हात ठेवू; हाताला संमती लागत नाही. भाऊ माझ्याकडे असे पाहत राहिले की मीच ओशाळलो. "तिचा चेहरा कापू?" एवढंच म्हणाले आणि उठले.

पुढचे चोवीस दिवस रोज कडी वाजली, पण कोणी घाबरलं का असं त्यांनी विचारलं नाही. घाबरलेला माणूस समोरच उभा होता. "पोस्टानं फॉर्म पाठवला तर?" मग स्वतःच, "हरवू शकते." "फोन केला तर?" मग, "तिनं उचललाच नाही तर?" एक दिवस खरं बाहेर आलं. "सर, मी गेलो आन् तिनं दार लावून घेतलं तर? मी लावलतं ना." मला नेहमी त्यांची चेष्टा सुचते. त्या दिवशी मी कॅलेंडर पाहिलं. मी म्हणालो, "रविवारी जाऊ. मी येतो."

रविवारी ते इस्त्रीचा सदरा घालून आले. फॉर्म प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी कापडाच्या पिशवीत, आणि ती छातीशी. बसमध्ये ते ड्रायव्हरच्या मागे बसले आणि गोंदियापर्यंत त्याच्या वतीने ब्रेक दाबत राहिले. वाटेत एकदाच बोलले: "लहानपणी बसमध्ये उलटी होत होती तिले." कॅमेरा आणला नव्हता. त्यांच्या खांद्यावर कॅमेरा नाही असं मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

वैशालीचं घर दुसऱ्या मजल्यावर. जिन्याचा कठडा हलत होता. भाऊंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दारापाशी बेल होती. छत्री घरीच राहिलेली. मी पुढे होणार तेवढ्यात त्यांनी डोळे मिटले आणि बोट बटणावर ठेवलं.

वैशालीने दार उघडलं. एक हात दारावरच ठेवून उभी राहिली. भाऊंनी तीन आठवडे काय काय वाक्यं जुळवली असतील, तोंडून निघालं ते हे: "सहीसाठी आलो."

तिने आम्हाला आत घेतलं. तिचा नवरा, प्रशांत, पाणी घेऊन आला आणि कुठे उभं राहावं ते न कळून कपाटाला टेकला. मी सगळा प्रकार सांगितला. फोटो, फॉर्म, माझं बोट. वैशालीने ऐकून घेतलं आणि फॉर्म हातातसुद्धा न धरता म्हणाली, "माह्या सह्या तर तुम्हीच करता ना, बाबा. हीही करून टाकाची होती."

"आता माही चालत नाही," भाऊ म्हणाले. "तुहीच लागते."

खोलीत पंखा फिरत होता. तो कुरकुरत होता, आणि भाऊंनी एकदाही वर पाहिलं नाही. ते मुलीकडे पाहत होते. असा घाबरलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि हा माणूस तर गेली कित्येक वर्षं रोज माझ्या फाटकाशी घाबरलेलाच उभा असे.

वैशालीने फॉर्म ओढून घेतला. नावाचा रकाना भाऊंनी घरूनच भरून आणला होता, अहवालाच्या त्या टपोऱ्या अक्षरांत: वैशाली प्रशांत मेश्राम. ती तिथेच थांबली. पुढच्या ओळी वाचायला तिला बराच वेळ लागला.

"पुरं वाच," भाऊ हळूच म्हणाले. "न वाचता सही नको करत जाऊ."

"हौ, बाबा." तिने नाक पुसलं आणि सही केली.

खाली साक्षीदाराचा रकाना उरला होता. तो नेहमी मीच भरतो, म्हणून मी खिशातून पेन काढलं. भाऊंनी माझा हात धरला. कपाटाला टेकलेल्या प्रशांतकडे त्यांनी पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मला एकट्यालाच विचारावं तसं, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं, "सर, साक्षीदार म्हणून जावयाची सही चालते का?"

तो नियम मी वाचलेला नव्हता.

"चालते," मी म्हणालो.