दोन न्हावी लागणारे सर

आमच्या वरच्या खोलीतले सर दाढी एका न्हाव्याकडं करतात अन् केस दुसऱ्याकडं कापतात. का? तर म्हणे, "एकालाच धरलं की तो माजतो!" दूधवाले दोन, पेपर दोन, कोथिंबीर बी अर्धी ह्या बाईची, अर्धी त्या बाईची. लातूरच्या मंडईतल्या बाया त्यांना बघून तोंड फिरवतात. खोलीत खुर्च्या बी दोन. दुसरीवर कुणी बसलेलं मी तरी बघितलं न्हाई.

कायद्याचे लई मोठे मास्तर व्हते म्हणं. धंदेवाल्यांनी आपसात मिळून भाव बांधू नये, एवढ्यावरच जाडजूड पुस्तकं लिहिली. मी आठवीतून शाळा सोडलेली, मला काय कळतंय? पण त्यांच्यापायी माझ्या लेकराचं पाणी तुटलं, हे कळलं.

टँकरवाल्यांनी गल्ल्या वाटून घेतलेल्या. आमच्या गल्लीत एकच टँकर, दुसरा यायचाच न्हाई, तो म्हणल तो भाव. सरांनी दिल्लीला धाडायची तक्रार लिहिली, घरोघर सह्या घेतल्या, माझी बी. टँकरवाल्याला कुणकुण लागली. त्याचा माणूस दारात येऊन म्हणला, "नाव खोडा, मग पाणी." अन् टँकर बंद. तीन दिवस! त्यात बाळाला जुलाब, आमचे मालक, बाळाचे बाबा, हदगावला कामाला, घरात तांब्याभर पाणी.

बाळाला काखंत मारलं अन् जिना चढले. सर बी खालून धापा टाकत माझ्यामागंच आले, दोन हातांत दोन कळश्या.

"ही मशिदीच्या बोअरची, ही शाळंतली. दोन्ही तुलाच..."

"इथं बी दोन?" मी वरडलेच. "लेकरू सुकून चाललंय अन् तुम्ही दुकानं निवडून राहिले! माझं नाव खोडा त्या कागदावरचं!"

दुसरं कुणी असतं तर भांडलं असतं. सरांनी कागद काढला, पेन दिलं. "तूच खोड, पोरी. लेकरू पहिलं." कळश्यांनी त्यांची बोटं लाल झालेली.

मग बाळाकडं बघून हळूच म्हणले, "ह्याला आजोबा किती?"

"एकच. किनवटला. माझे बाबा न्हाईत."

"एकच?" सरांनी चष्मा पुसला, लई वेळ पुसला. "हे काय बरं न्हाई. स्पर्धा पायजे."

बाळानं त्यांचं लाल बोट धरलं. मी नाव न खोडताच पेनाला टोपण लावलं, परत दिलं, रागातच दिलं, अन् त्या दुसऱ्या खुर्चीवर बसले.

"बघत काय बसलात? पाणी उकळा," मी म्हणले. "दोन्ही कळश्यांचं."